हप्ता कोण भरणार?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या चाळीतले आणखी एक बिऱ्हाड हलले. कपाट, शिवणयंत्र, देवघर असे सगळे टेम्पोत चढत असताना त्या घरातल्या काकू गॅलरीतल्या प्रत्येक दाराशी थांबून निरोप घेत होत्या. खाली ओट्यावर बसलेल्या मंडळींत लगेच दोन तट पडले. एक गृहस्थ म्हणाले, "मराठी माणूस असाच एकेक करून मुंबईबाहेर फेकला जाणार." दुसरे म्हणाले, "शहाणे होते, वेळेवर सुटले. अडकलो ते आपण." दोघेही मोठ्या आवेशाने बोलत होते. काकूंना जायचे होते की नव्हते, हे मात्र दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

हा प्रसंग मी विसरूनही गेले असते. परंतु महिन्याभरातच तोच प्रश्न आमच्या घरात येऊन बसला. बाबांनी बदलापूरच्या एका नव्या इमारतीचा नकाशा आणून रात्री जेवणानंतर जमिनीवर पसरला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, छोटासा सज्जा. पंधरा दिवसांत बयाणा द्यायचा होता. आपल्या महाविद्यालयातील अनेक घरांत आज हीच चर्चा चालू असेल. म्हणून आमच्या घरात काय घडले आणि त्यातून माझे काय मत बनले, ते इथे मांडावेसे वाटते.

आधी आमच्या घराविषयी. लालबागमधली दहा बाय सोळाची खोली. आजी, आई, बाबा, दहावीतला भाऊ आणि मी अशी पाच माणसे. मजल्यावर वीस खोल्या आणि चार सार्वजनिक शौचकूप. खोली पागडीची. बाहेरगावच्या मैत्रिणींना भाड्याचा आकडा सांगितला की त्या थक्क होतात, इतके ते कमी आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. १९९९ चा नवा कायदा आल्यावर ती थोडीथोडी वाढू लागली, इतकेच. भाडे क्षुल्लक म्हणून मालक दुरुस्ती करीत नाही. दुरुस्ती नाही म्हणून जिना डुगडुगतो. मग मुंबई आम्हाला महाग कशी, असे कोणी विचारील. तिचे उत्तर असे, की आहे त्या खोलीत दिवस काढणे परवडते. पण त्याच वस्तीत एक खोली वाढवून घ्यायची म्हटले, तर बाबांच्या उभ्या आयुष्याचा पगारही पुरायचा नाही. खोलीचे पैसे घ्यावेत, मालकाचा हिस्सा द्यावा, थोडे कर्ज काढावे आणि लांब जाऊन मोठे घर घ्यावे, हा विचार त्यामुळेच घरोघरी चालतो.

तो किती घरांनी प्रत्यक्षात आणला, ते जनगणनेत दिसते. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे मूळ बेटाची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. ठाण्याकडे गेलेले सगळेच काही बेटावरून गेलेले नाहीत. पण एवढ्या मोठ्या शहराच्या मुळाशी माणसे कमी व्हावीत, ही गोष्ट सहज घडलेली नाही.

माणसे गेली, कामे मात्र गेली नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत साचेखात्यातले माझे आजोबाही होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळपणे तीन वाटे ठरविले होते: मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आज त्या जमिनींवर उंच कचेऱ्या आणि मोठमोठी दुकाने उभी आहेत. तिथे झाडलोट करणारे, पहारा देणारे, हिशेब लिहिणारे लोक लागतातच. ते पूर्वी भोंगा ऐकून चालत कामावर जात. आता ते कर्जत-कसाऱ्याहून येतात.

आमच्या घरचेच पाहा. आई परळच्या एका रुग्णालयात आया आहे. सकाळी सातची पाळी, घरापासून चालत पंधरा मिनिटे. बाबा फोर्टात एका खाजगी कचेरीत कारकून आहेत. बदलापूरला गेल्यावर दोघांचीही कामे जिथल्या तिथेच राहणार होती.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण 'संधी खर्च' शिकतो. एक गोष्ट घेताना जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. मी वही काढली. बाबांच्या कागदावर बँकेचा हप्ता होता, मुद्रांक शुल्क होते, रंगकामही होते. वेळ मात्र कुठेच नव्हता. आईचा सध्याचा प्रवास जाऊन-येऊन अर्धा तास. बदलापूरहून दारापासून दारापर्यंत दोन तास धरले, तर रोजचे चार तास. म्हणजे साडेतीन तासांची वाढ. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले, तर एक हजार पन्नास तास. दिवसरात्र सलग मोजले, तर जवळजवळ ४४ दिवस! हा हप्ता कोणतीही बँक मागत नाही, आणि तो फेडून कधी संपतही नाही.

त्यात धोका निराळाच. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारशेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी पडले आणि त्यांतले काही प्राणास मुकले. त्या दिवशी आपल्या वर्गातल्या किती जणांच्या घरून फोन आले होते, ते आठवावे. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि अशाच कारणांनी मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे गेली.

हे सगळे मी रविवारी घरात वाचून दाखवले. मला वाटले, मी आईची बाजू मांडते आहे. बाबा गप्प झाले. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "माका खंय जावचा नाय." भाऊ म्हणाला, त्याला अभ्यासाला टेबल हवे. मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिले.

आई भाजी निवडीत होती. ती म्हणाली, "तुझ्या वहीत माझे तास लिहिलेस, ते मला विचारून लिहिलेस का?"

मग ती बोलू लागली. इतके सलग बोलताना मी तिला कधी ऐकले नव्हते. ती म्हणाली, "गाडीसाठी साडेचारला उठावं लागेल म्हणतेस. आजही मी साडेचारलाच उठते. पाणी तेव्हाच येतं. बावीस वर्षं झाली, रात्री नऊनंतर मी घोटभर पाणी पीत नाही; रात्री गॅलरीच्या टोकाला जायला नको म्हणून. आजारी असले तरी डबा घेऊन रांगेत उभी राहते. हे कुठल्या खात्यात लिहिलंस? गाडीत निदान कुणी मला हाक मारणार नाही."

मला काय बोलावे ते सुचेना. ज्या रांगेत मी स्वतः रोज उभी राहते, ती माझ्या हिशेबात आलीच नव्हती. बाबांनी आईला न विचारता तिच्या वतीने जायचे ठरविले होते. मी तिला न विचारता तिच्याच वतीने राहायचे ठरवीत होते. आम्हा दोघांत फरक तो काय?

आजीने तेवढ्यात जुनी गोष्ट काढली. संप लांबला तेव्हा आजोबांनी बायकामुलांना कोकणात गावी पाठविले. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते. दोन वर्षे आजीने तिथे दुसऱ्यांच्या शेतात राबून मुले पोसली, आणि मग एक दिवस पुन्हा परत बोलावणे आले. "तेव्हाय माका कोणी इचारूक नाय," एवढेच ती म्हणाली. बाबांनी नकाशाची घडी घातली.

त्या रात्रीपासून माझे मत बदलले. मुंबई सोडावी की सोडू नये, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. 'मुंबई सोडू नका' असे म्हणणाऱ्यांपाशी मुंबईसह महाराष्ट्राच्या लढ्याची आठवण आहे, हुतात्म्यांचे रक्त आहे. त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्या अभिमानाने माझ्या आईची रांग एका माणसानेही कमी होत नाही. उलट 'निघा, शहाणे व्हा' असे म्हणणारे स्वस्त घराची किंमत रुपयांत सांगतात आणि उरलेली किंमत कुणाच्या तरी झोपेतून वसूल होते, हे सांगत नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे, की जो हप्ता भरणार, त्याला आधी विचारले पाहिजे. बँकेच्या कागदावर सही करणारा एक असतो आणि वेळेचा, पाठीचा, एकटेपणाचा हप्ता भरणारे दुसरेच असतात. बहुधा ती घरातली बाई असते, म्हातारे माणूस असते, नाहीतर शाळा बदलावी लागणारे मूल असते.

घराला जे लागू, तेच सरकारलाही लागू आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे मिळाली. आता उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी इथल्या घरांची योजना पुढे आली आहे. कामगार आणि त्यांचे वारस जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमले, ते आम्हाला मुंबईतच घर द्या, असे सांगायला. वांगणीचे घर वाईट असेल असे मी म्हणत नाही. कुणाला ते आवडेलही. पण ज्या वस्तीच्या कष्टावर शहर उभे राहिले, त्या वस्तीला 'तुमची सोय तिकडे केली आहे' असे परस्पर सांगणे, म्हणजे बाबांनी नकाशा पसरण्यासारखेच झाले. फरक इतकाच, की बाबांना आईसमोर बसावे लागले.

आमच्या घराचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. पुढच्या रविवारी आईबाबा दोघेही बदलापूरला जाऊन आले. आईने तिथल्या माणसाला दोनच गोष्टी विचारल्या. नळाला पाणी किती वाजता येते, आणि स्टेशनपासून चालत किती वेळ लागतो. पहिल्याचे उत्तर धड मिळाले नाही. दुसऱ्याचे उत्तर तिने स्वतः चालून काढले: चाळीस मिनिटे. बयाणा दिला नाही. त्यानंतर चार-पाच ठिकाणे पाहून झाली आणि कळव्यातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर पसंत पडले. बदलापूरच्या घराहून लहान, सज्जा नाही. भावाला टेबल मिळेल. मला मिळणार नाही. गाडीची गर्दी तिथेही चुकणार नाही. पण प्रवास जवळजवळ निम्मा आणि शौचकूप घरात. आई म्हणाली, "हे मला चालेल." भावाची दहावीची परीक्षा झाली की आम्ही जाऊ.

आजीचे उत्तर अजून तेच आहे. तिला विचारले, तिने नाही म्हटले आणि तरीही आम्ही निघालो आहोत. ही गोष्ट मी लपवीत नाही. विचारले म्हणजे प्रत्येकाच्या मनासारखे होतेच असे नाही. पण तिचा नकार या वेळी घरात सर्वांनी ऐकला आहे. आठवड्यातून एकदा तिला इथे आणून सोडायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, हे काम मी पत्करले आहे. त्या हप्त्यातला एवढा वाटा माझा.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरीही एखाद्या रात्री असा नकाशा पसरला जाईल. तेव्हा चौरस फूट जरूर मोजा, व्याजाचा दरही पाहा. पण त्याआधी भाजी निवडीत बसलेल्या माणसाला विचारा. त्या निरोप घेणाऱ्या काकूंना मी विचारायला हवे होते. आता त्या कल्याणला असतात. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जाऊन विचारणार आहे.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)