जुनी माती, नवी कुंडी

गेल्या वर्षी मार्च महिन्यात पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सुनेसह दवाखान्यात आले. उजव्या हाताची तर्जनी लाल, सुजलेली आणि ठणकणारी होती. मधुमेह जुना. रोपवाटिकेतून आणलेल्या नांद्रुकाचे बोन्साय करावे म्हणून मुळांभोवतीची घट्ट माती ते नखांनी उकरीत होते. मातीत काचेचा तुकडा होता, तो बोटात गेला आणि चार दिवस त्यांनी ते घरात कोणालाही सांगितले नाही.

जखम स्वच्छ करून मी औषधे लिहीत असताना सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, बाबांना आता हे मातीत हात घालणं बंदच करायला सांगा.” आजोबा गप्प राहिले. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी स्वतःहून विकत आणलेली ही पहिलीच वस्तू होती, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, “तीन आठवडे हात मातीत घालायचा नाही. नंतर काम करायचं, पण रीत बदलून.”

वाचकहो, ती रीत आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम माती बदलावी का लागते, हे पाहू. वाहतुकीत मुळांचा गोळा फुटू नये म्हणून पिशवीतील रोपांना पुष्कळदा चिकट, भारी माती वापरलेली असते. तिचे कण अतिशय बारीक असतात. ओली असताना मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. सुकली की ती आकसते, कडेला फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. वरून माती ओली दिसते, गाभा मात्र कोरडाच. हा गोळा तसाच नव्या भुसभुशीत मिश्रणात बसवला, तरी पाणी सभोवतालून वाहून जाते आणि झाड तहानलेलेच राहते. म्हणून गोळा मोकळा करणे अपरिहार्य असते.

परंतु सगळी माती एकाच वेळी काढू नये. हा धडा मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या झाडाची मुळे मी डिसेंबरच्या थंडीत नळाखाली धरून लखलखीत धुतली. महिन्याभरात ते वाळले. मातीबरोबर पाणी शोषणारी केसासारखी बारीक मुळेही मी तोडून टाकली होती, आणि थंडीत नवी मुळे फुटण्याचा जोम झाडात नव्हता. वड, उंबर, नांद्रुक यांसारख्या झाडांना ऊब मानवते. फेब्रुवारीची अखेर ते मार्च, किंवा पावसाळ्याचा आरंभ, हा काळ त्यांना योग्य. आधी आजार असल्यास मार्च हुकला तरी बिघडत नाही. पहिल्या सरींपर्यंत थांबावे.

गोळा किंचित ओलसर असताना बांबूच्या काडीने कडेकडून आणि तळाकडून माती हलकेच विंचरावी. निम्मी माती काढून थांबावे; खोडालगतची राहू द्यावी. काळी, मऊ पडलेली मुळे कापावीत, खाली गेलेली जाड मुळे आखूड करावीत, बारीक मुळे जपावीत. काम चालू असताना मुळांवर ओले फडके असावे. उरलेली माती पुढच्या वर्षी, झाड जोमात आहे असे पाहूनच काढावी.

मिश्रणासाठी दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत घ्यावे. विटांचे तुकडे व वाळू चाळून घ्यावी. दाणा मोहरीहून मोठा आणि तुरीहून लहान असावा. खालचा भुगा मिसळू नये, अन्यथा पुन्हा तोच चिखल होतो. पहिल्या वर्षी उथळ ट्रे टाळून साधी, तळाला भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी. झाड हलू नये म्हणून सुतळीने बांधावे. तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्यावे आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवावे. नवी पालवी फुटेपर्यंत खत देऊ नये. काही पाने गळतील; घाबरून पाणी वाढवू नये.

आता करणाऱ्याविषयी. जमिनीवर उकिडवे बसू नये. टेबल, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि भरपूर उजेड हवा. अर्ध्या तासाने विश्रांती घ्यावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उठताना क्षणभर बसून मगच उभे राहावे. भरलेली कुंडी घरातील तरुणांनी उचलावी. हातमोजे घालावेत; मधुमेहींनी पायांतही बंद पादत्राणे घालावीत, कारण पावसाळ्यातील ओल्या मातीत त्यांना विशेष घातक ठरणारे जंतू असू शकतात. विटा घरी फोडू नयेत. आणलेले तुकडे पाणी शिंपडून मगच चाळावेत आणि नाकावर मास्क असावा. खताची पिशवी तोंडाजवळ धरून उघडू नये. नांद्रुकाचा चीक त्वचेला व डोळ्यांना झोंबतो. तो हात डोळ्याला लावू नये. काम संपताच साबणाने हात धुऊन बोटे नीट पाहावीत. खरचटले तर त्याच दिवशी सांगावे. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील, किंवा केव्हा घेतले हे आठवत नसेल, तर डॉक्टरांना आधीच विचारावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूच्या डासांना तेवढे पुरते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. जखम लपवली जाते ती बहुधा काम बंद होईल या भीतीने. ओरडा बसणार नाही अशी खात्री असेल, तर वडीलधारी माणसे पहिल्याच दिवशी बोट पुढे करतात. आपण टेबल मांडावे, मोजे आणून द्यावेत, कुंडी उचलावी. काडी मात्र त्यांच्याच हातात राहू द्यावी.

आजोबांचे बोट बरे झाले. तीन आठवडे पिशवीतच थांबलेले नांद्रुक एप्रिलमध्ये कुंडीत गेले, मे महिन्यात त्याची निम्मी पाने गळली आणि पावसाळ्यात ते पुन्हा भरले. यंदा मार्चमध्ये ते साखर तपासायला आले, तेव्हा उठता उठता सूनबाईंनीच विचारले, “डॉक्टर, उरलेली अर्धी माती आता काढायची ना? मोजे मी आणून ठेवलेत.”