मर न येणारी जात आली की झालं का?

डाळिंबाच्या चर्चासत्रात एक प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, मर न येणारी जात कधी देताय?" मी पण विचारलाय. पण एल्म झाडाची हकीकत वाचली आणि आपला प्रश्न अर्धाच आहे असं वाटायला लागलं.

एल्म म्हणजे आपल्या बांधावरच्या वावळाच्या कुळातलं झाड. 1920 च्या सुमारास हॉलंडमध्ये ही झाडं वाळायला लागली. सालीतला भुंगेरा बुरशी घेऊन येतो, ती पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत शिरते आणि नळ्या तुंबतात. आधी एक फांदी पिवळी, मग अख्खं झाड खलास. आपल्या डाळिंबातही खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा मर वाढवायला हातभार लावतोच की.

1960 च्या दशकाअखेर जास्त जहाल बुरशी लाकडाच्या ओंडक्यांबरोबर इंग्लंडात पोचली. अडीच कोटींवर झाडं गेली. तिथला एल्म बियांपासून नाही, मुळाच्या फुटव्यांपासून वाढतो. म्हणजे बहुतेक सगळी एकाच झाडाची पोरं. एकाला लागलं ते सगळ्यांना लागलं.

हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी 1930 च्या दशकात 'क्रिस्टीन बुइसमन' ही पहिली जात दिली. एल्मच्या रोगाला ती टिकली, पण दुसऱ्याच बुरशीनं फांद्या वाळायला लागल्या. मग त्यांनी आपल्या हिमालयातला जंगली एल्म संकरात घेतला. त्यातून 1970 च्या दशकात 'प्लांटिन'सारख्या जाती आल्या. नव्या बुरशीपुढं त्याही कमी पडल्या, पण 'प्लांटिन'च्याच वंशातून पुढं 'लुटेस' ही चांगली टिकणारी जात निघाली. काम पिढ्यान् पिढ्या चाललं.

माझं म्हणणं एवढंच. जात एकदा आली की कायमची सुटका नाही, बुरशी पण बदलते. आपण गुटी कलमानं गावंच्या गावं एकट्या भगव्यानं भरली. बाजार भगवा मागतो, खरंय. तरी पाच-दहा ओळी दुसऱ्या जातीच्या ठेवायला काय हरकत? आणि डोंगरातलं आंबट जंगली डाळिंब कुचकामी समजू नका. उद्याची जात कदाचित त्याच्यातूनच निघेल.

संशोधकांना विनंती, एक जात नको, चार द्या. आणि आपण बागेत भोकं पडलेली, वाळलेली झाडं तशीच ठेवू नका. काढा आणि जाळा. नवी जात आली तरी हे काम सुटणार नाही.

तुमच्या भागात भगव्याशिवाय कुठली जात टिकून आहे? खाली सांगा.