आद्याक्षरांचे कोडे

अमेरिकेतील रोलर कोस्टरच्या शौकिनांची एक निराळीच बोली आहे. तेथे ‘क्रेडिट’ म्हणजे उधारी नव्हे. ज्यात बसून झाले, असा प्रत्येक नवा कोस्टर म्हणजे एक क्रेडिट. ‘ईआरटी’ म्हणजे केवळ निमंत्रितांसाठी राखून ठेवलेला फेऱ्यांचा वेळ. जाणकारांना हा संक्षेप सोयीचा. नवखा मात्र ऐकतच राहतो.

कधी जाणकारांचाही गोंधळ होतो. ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका’ हे उद्यान इलिनॉयमध्ये, तर ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर’ न्यू जर्सीत. दोहोंत हजार किलोमीटरहून अधिक अंतर, आद्याक्षरे मात्र एकच : ‘एसएफजीए’! म्हणून शौकीन पहिल्यापुढे ‘एम’ आणि दुसऱ्यापुढे ‘डीव्ही’ लिहितात. एकदोन अक्षरे वाढवली आणि संभ्रम मिटला.

आपल्या भाषा समितीत वाणी हितकर व मित असावी, तशीच ती असंदिग्धही असावी, असे सांगितले आहे. आज घरोघरी तरुण मंडळी आद्याक्षरांत बोलतात आणि आजी-आजोबा अर्थ विचारण्याच्या संकोचाने गप्प राहतात. त्यांच्यासाठी पूर्ण शब्द उच्चारणे, हेही भाषा समितीचे पालनच होय.