देखणा असल्याचा गुन्हा

ज्युसेप्पे तोर्नातोरेचा ‘मालेना’ (२०००) म्हणजे युद्धाच्या नावावर खपवलेली पिक्चर पोस्टकार्डं, असं एका जाणकारांनी नुकतंच सुनावलं. सिसिलीवर बॉम्ब पडताहेत, माणसं उपाशी आहेत आणि कॅमेरा सोनेरी उन्हात मोनिका बेलुचीच्या चालण्यावर खिळलाय, ही त्यांची तक्रार. युद्ध दाखवायचं तर ते कुरूपच दिसलं पाहिजे म्हणे. शिवाय नायिका मुकी आणि पोराची दिवास्वप्नं कंटाळवाणी.

दिवास्वप्नांबद्दल भांडण नाही. त्या पोराची, रेनातोची, काही स्वप्नं खरोखरच लांबली आहेत. मालेना फारसं बोलत नाही हेही खरं, पण ते गाव तिला बोलू देतं कुठे?

‘कुरूपच’ हा हट्ट मात्र मला पटत नाही. १० जून १९४० रोजी मुसोलिनी युद्ध पुकारतो. त्याच दिवशी रेनातोला सायकल मिळते आणि मालेना पहिल्यांदा दिसते. कास्तेलकुतो हे गाव काल्पनिक, पण त्याचा तो फिकट दगडाचा चौक खरा आहे: सिराकूझाच्या ओर्तिजा बेटावर, कॅथेड्रलसमोर. छायालेखक लायोश कोल्ताईने तो असा टिपलाय की नजर हटत नाही. मालेना तिथून जाते, पुरुष वळून पाहतात, बायका कुजबुजतात, आणि आपणही खुशाल पाहत राहतो. पुढे नवरा मेल्याची बातमी येते, वडील बॉम्बहल्ल्यात जातात, पोटासाठी ती जर्मनांसोबत दिसू लागते. अमेरिकन सैन्य आल्यावर गावच्या बायका तिला ओढून बाहेर आणतात, कपडे फाडतात, मारतात, केस कापतात. पुरुष बघत उभे. आणि ऊन तेच! जाणकारांना इथे आभाळ काळवंडलेलं हवं होतं. का? म्हणजे दोष काळावर, युद्धावर ढकलून आपल्याला मोकळं होता येईल? तोर्नातोरे ती पळवाट ठेवत नाही. जिच्याकडे आपण तासभर हावरेपणाने पाहिलं तिचे हाल त्याच झळझळीत उजेडात पाहावे लागतात, आणि बघ्यांच्या त्या गर्दीत आपली जागा आधीच ठरलेली असते. करड्या रंगात हे साधलं नसतं.

रोसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’ (१९४५) कृष्णधवल आहे, थोर आहे. पण युद्धाने पोळलेल्या शहरात, तुटपुंज्या साधनांत तो काढावा लागला. त्या अडचणीचं पुढच्यांनी सोवळं करून टाकलं. आपल्याकडे कलेसाठी कला की जीवनासाठी कला हे रणकंदन माजलं, तेव्हाही जीवनाच्या बाजूचे काही वीर सुबक ओळ दिसली की लेखकाच्या नियतीवर शंका घेत. ती सवय अजून गेलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच की देखणेपण हाच या चित्रपटाचा विषय आहे, म्हणून तो देखणा हवा. मारहाणीनंतर गाव सोडून गेलेली मालेना शेवटी एक हात गमावलेल्या नवऱ्यासोबत परतते; तो मेल्याची बातमी खोटी होती. बाजारात त्याच बायका तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, वाढलेलं अंग न्याहाळतात आणि मग तिला अभिवादन करतात; ती उलट अभिवादन करते. माफी कुणीच मागत नाही. कोल्ताईने तो बाजारही तितकाच सुंदर टिपलाय, आणि मला तो मारहाणीहून अधिक असह्य होतो.