बोरू आणि तलवार

रेवदंड्याच्या पडक्या तटावर उभे राहिले म्हणजे कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. कोर्लई पोर्तुगीजांनी १५९४ साली घेतला. पुढे १७४० मध्ये ही दोन्ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली. मधल्या काळात या किनाऱ्यावर दोन परंपरांच्या तलवारी एकमेकींना भिडल्या. युरोपात घडलेली सरळ पाती आपल्याकडील मुठींत बसविली जात, आणि तिला 'फिरंग' म्हणत. पाते परके, हात आपला!

त्या पोर्तुगीज शिपायाचा हात कसा चालत असेल? तटाच्या दगडांना हे विचारून उपयोग नाही, कागदाला विचारावे. दोमिंगो लुईस गोदिन्यो याने १५९९ साली शस्त्रविद्येवर एक ग्रंथ लिहिला, तो हस्तलिखित रूपाने टिकला आहे. दियोगो गोमेस द फिगेरेदो याने १६५१ साली दोन्ही हातांनी पेलावयाच्या मोठ्या तलवारीचे नियम लिहिले. शत्रू पुढून व मागून आला तर काय करावे, अरुंद गल्लीत तलवार कशी फिरवावी, गलबतावरील चिंचोळ्या वाटेवर कसे लढावे, एखाद्या स्त्रीचे रक्षण कसे करावे, असे प्रसंग कल्पून त्याने नियम सांगितले आहेत. रेवदंड्याच्या बोळातून चालताना ते वाचलेले आठवले, तर तो बोळ निराळाच भासू लागतो.

युरोपातील ही जुनी विद्या गुरुशिष्यपरंपरेने टिकली नाही. आज तेथील अभ्यासक ती पोथ्यांतून पुन्हा उभी करू पाहतात. इंग्लंडात लीड्स येथे सुमारे सातशे वर्षांपूर्वीची एक सचित्र पोथी आहे. तीत एक धर्मगुरू शिष्याला ढाल-तलवार शिकवितो. शेवटी वाल्पुर्गिस नावाची एक स्त्रीही हाती शस्त्र घेते. परंतु चित्र एका क्षणाचे असते. दोन चित्रांच्या मध्ये पाय कोठे पडला, घाव किती वेगाने आला, हे चित्र सांगत नाही. म्हणून हे अभ्यासक बोथट तलवारी घेऊन, तोंडावर जाळी बांधून, प्रत्येक वाक्याचा अर्थ करून पाहतात. अर्थ चुकला तर जोडीदाराचा वार अंगावर बसतो! याला कोणी पोरखेळ म्हणोत. मला तर हे सरळ विद्याव्यासंगच वाटते.

आपली गोष्ट उलटी आहे. कोल्हापुरात मर्दानी खेळ अद्याप शिकविले जातात. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीत असते व ती कोपरापर्यंत हात झाकते. मनगट वळत नाही, म्हणून सारा वार खांद्यातून व पावलांतून यावा लागतो. हे वस्ताद शब्दांवाचून दाखवितो. बडोद्यास द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले, हे मोठेच कार्य. पण तेवढ्यावर भागणारे नाही.

पुस्तकाने तलवार येत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, वस्ताद असताना पुस्तक दुय्यमच. परंतु पुस्तक लिहावयाचे ते वस्ताद नसेल त्या दिवसासाठी. पट्टा फिरविताना मागच्या पायाची टाच केव्हा उचलते, हे आज त्याला विचारून लिहून घेता येते. फिगेरेदोला हे विचारण्याची सोय आता उरलेली नाही.