प्राध्यापकांचे कर्तव्य आणि आपली मुले

वाचकहो, तुमचा मुलगा वा मुलगी महाविद्यालयात जाते तेव्हा बहुधा घराण्यातील पहिलेच पाऊल त्या पायरीवर पडत असते. फी भरली, वसतिगृहात जागा मिळाली, की आपले काम झाले असे आईबापांस वाटते. मूल मनाने खचले तर तेथे त्याने कोणाकडे जावे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. मुंबईत वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. दोघांच्या मातांनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अशा वेळी "मूलच दुबळ्या मनाचे होते" असे सांगून हात झटकले जातात. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका पित्याने सांगितले की, शिष्यवृत्ती रखडली म्हणून त्याच्या मुलाचे नाव भर वर्गात थकबाकीदार म्हणून वाचले जाई. मुलाने वर्ग सोडला. तो का येत नाही, याची चौकशी एकाही अध्यापकाने केली नाही!

चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या विद्यार्थी भीमरावाची विचारपूस कृ. अ. केळुस्कर गुरुजींनी केली, हे तुम्ही जाणताच. गुरुजी त्यांच्या शाळेचे शिक्षकही नव्हते. तरी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्या मुलाच्या हाती दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला.

आता ही बाब केवळ सौजन्याची राहिलेली नाही. सुकदेब साहा प्रकरणी २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हे घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचे अंग असल्याचे सांगून संस्थांना बंधनकारक निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तेथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. अध्यापकांस व इतर सेवकांस वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावे. वंचित समाजांतील विद्यार्थ्यांशी भेदभावरहित वर्तन ठेवावे, असे त्यांत आहे.

प्राध्यापकाने वैद्य व्हावे असे आमचे म्हणणे नाही. गैरहजर विद्यार्थ्याची एकांतात विचारपूस करणे आणि गरज दिसल्यास त्याला समुपदेशकापर्यंत पोहोचविणे एवढे त्याला साधते. परंतु जातीवरून झालेल्या अपमानाची तक्रार घेऊन आलेल्या मुलास नुसते समुपदेशकाकडे धाडणे म्हणजे अपमान करणाऱ्यास मोकळे सोडून अपमानितास आजारी ठरविणे होय. तेथे प्राध्यापकाने तक्रार लेखी नोंदवून घेतली पाहिजे आणि साक्ष देण्याची वेळ आली तर मागे हटता कामा नये. हे काम अवघड आहे, कारण अपमान करणारा पुष्कळदा त्याचा सहकारीच असतो.

प्रवेशाच्या वेळी समुपदेशकाचे नाव व भेटीची वेळ लेखी मागून घ्या. आणि मुलाने घरी येऊन "मला तेथे राहवत नाही" असे म्हटले, तर "थोडे दिवस काढ" असे उत्तर देण्यापूर्वी त्याचे सर्व ऐकून घ्या. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही उपलब्ध आहे. तो क्रमांक घरात लिहून ठेवा.