विश्लेषण: स्टेपनी गेली, सेन्सर आला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर तो किती भरवशाचा?

टायरमधली हवा कमी झाली की अनेक नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालेसारख्या आकृतीत उद्गारचिन्ह, अशी त्याची खूण. हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या या यंत्रणेला 'टीपीएमएस' म्हणतात. गाडीत स्टेपनी नसेल तर तिची देखभाल आणखी महत्त्वाची ठरते.

स्टेपनीचा काय संबंध?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै 2020 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचा किट असेल, तर स्टेपनी सक्तीची राहिली नाही. वाचलेल्या जागेत इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी बसावी, हा त्यामागचा एक हेतू होता. आज काही इलेक्ट्रिक आणि सीएनजी गाड्या स्टेपनीशिवाय विकल्या जातात.

जंगल भागात अडचण काय?

गडचिरोली ते सिरोंचा हे अंतर सुमारे 200 किलोमीटर. भामरागड, एटापल्लीकडे अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमुळे रस्त्यांची चाळण झाल्याची तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. किटमधलं द्रव रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं छोटं छिद्र बुजवतं. खड्ड्याच्या कडेने टायरची बाजू फाटली, तर किटचा उपयोग नाही.

पहाटे दिवा लागतो, दुपारी विझतो. सेन्सर बिघडला का?

बहुतेक वेळा नाही. तापमान 5 ते 6 अंशांनी उतरलं की दाब साधारण 1 पीएसआयने घटतो. थंडीत दुपारी भरलेली हवा पहाटे 2-3 पीएसआय कमी दिसू शकते. त्यामुळे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, टायर थंड असताना दाब मोजावा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. गाडी चालवून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणं चुकीचं. कमी हवेचा टायर जास्त दबतो, आणखी तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो.

सेन्सरची देखभाल कशी?

काही गाड्यांत चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर असतो. त्याची बॅटरी साधारण 5 ते 10 वर्षं टिकते आणि बहुतेकदा वेगळी बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. 2020 च्या सुमारास घेतलेल्या गाड्या आता त्या टप्प्यावर आल्या आहेत. दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर सहसा दोष हवेत नसून यंत्रणेत असतो.

टायर रिममधून काढण्याआधी पंक्चरवाल्याला 'आत सेन्सर आहे' असं सांगावं, नाहीतर टायर उचकटताना तो तुटू शकतो. नवा टायर टाकताना व्हॉल्व्हचं रबर सील आणि आतली पिन बदलून घ्यावी. पंक्चर बुजवणाऱ्या काही द्रवांमुळे सेन्सरचं छिद्र बंद होतं. म्हणून किट वापरल्यावर सेन्सर स्वच्छ करून तपासून घ्यावा.

इतर गाड्यांत सेन्सर नसतो. तिथे एबीएस चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून अंदाज बांधते. अशा गाडीत हवा भरल्यावर रिसेट करावं लागतं. चारही टायरची हवा सारखीच कमी झाली, तर या पद्धतीला ते कळेलच असं नाही.

मग काय करावं?

दिवा लागतो तो दाब बराच घटल्यावर. त्यामुळे महिन्यातून एकदा आणि आलापल्लीच्या पुढे निघण्याआधी साध्या गेजने दाब मोजावा. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. नवी गाडी घेताना स्टेपनी आहे का, हे विचारावं. नसेल आणि डिकीत जागा असेल, तर या भागात वेगळी स्टेपनी घेणं शहाणपणाचं.